सुनेच्या हातात दोरी, सासरा हवेत

एकतीस वर्षं वाळूत गेली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सँड प्लँटला, म्हणजे ओतकामाच्या साच्यांची वाळू तयार होते तिथं, सुपरवायझर होतो. संध्याकाळी घरी आलो की आमची मंडळी मला दारातच शर्ट झटकायला लावायची, कारण खिशात, कानात, बुटात काळी वाळू असायचीच. म्हणून रिटायर झाल्यावर पोराकडं अमेरिकेला निघालो तेव्हा त्याला एकच सांगून ठेवलं होतं. कुठंही ने, पण बीच नको. वाळू बघून झाली.

पोरगा म्हणाला, "बाबा, सॉल्ट लेक सिटीला बीचचा प्रश्नच येत नाही." आणि ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सगळ्यांना गाडीत घालून चार तासांवरच्या वाळवंटात घेऊन गेला.

गावाचं नाव मोआब. युटा राज्यात, कोलोरॅडो नदीच्या कडेला, समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांवर. पाऊस वर्षाचा नऊ इंचांच्या आसपास. आमच्या गगनबावड्याला आषाढात मनात आलं तर एका दिवसात एवढा ओततो. गावाच्या चारी बाजूंना लाल दगड. डोंगर लाल, रस्त्याची कड लाल, मोटारींची चाकं लाल. हॉटेलच्या पायपुसण्यावरसुद्धा लाल वाळू. मी मंडळींकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. बोलायची गरज नव्हती.

शनिवारचा बेत खरं तर पोराचा आणि सुनेचा होता. कॅन्यनिअरिंग. म्हणजे अरुंद घळीत वरच्या अंगानं शिरायचं आणि चालत, बसत, घसरत, कडा आला की दोरीनं उतरत खालच्या तोंडानं बाहेर पडायचं. आपल्याकडं पोरं सांदण दरीत जातात, त्याच जातीचा प्रकार. सोबत गाईड, सकाळी आठला निघायचं, दुपार कलली की परत. शुक्रवारी रात्री चिरंजीव बाळाची घडीची खाट गाडीतून उचलायला गेले आणि पाठीत उसण भरली. सरळ उभं राहता येईना. कंपनीला फोन लावला तर एवढ्या उशिरा पैसे परत नाहीत, माणूस बदलला तर चालेल म्हणाले.

पैसे किती ते लिहीत नाही. डॉलरचे रुपये करायचे नाहीत असा आमच्या घरात नियम केलाय. मी बाथरूममध्ये जाऊन केले. बाहेर आलो आणि म्हटलं, "मी जातो."

मंडळी म्हणाली, "वय काय तुमचं?"

"एकोणसाठ."

"मग जावा. मी बाळाजवळ बसतो."

(आमच्याकडं बायका 'बसतो'च म्हणतात. सून पुण्याची आहे, लग्नाला पाच वर्षं झाली तरी अजून दचकते.)

सकाळी कंपनीच्या शेडमध्ये पहिलं काम म्हणजे सह्या. चार पानी फॉर्म, बारीक टाइप. माझं इंग्रजी ड्रॉइंग आणि टेस्ट सर्टिफिकेटपुरतं, म्हणून सुनेला विचारलं काय लिहिलंय. "थोडक्यात म्हणजे, बाबा, पडलात तर तुमचं तुम्ही बघा." सही केली. वजन विचारलं, चौऱ्याऐंशी सांगितलं. एरवी ऐंशी सांगतो, पण इथं दोरीचा मामला होता.

आमची गाईड तिशीच्या आतली पोरगी. उन्हानं नाक सोललेलं आणि हाताचे तळवे साचे भरणाऱ्या मोल्डरसारखे, घट्टे पडलेले. ते बघून मला बरं वाटलं. ग्रुपमध्ये आम्ही दोघं आणि ओहायोकडचं एक म्हातारं जोडपं, आजोबा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे असतील.

तिनं हेल्मेट, हार्नेस, हातमोजे वाटले आणि माझ्या हातात कॅराबिनर दिला. म्हणजे उघडझाप होणारी कडी, जिच्यावर सगळा खेळ. मी आधी ती पालथी करून बघितली. ॲल्युमिनियम, पण ओतीव नाही, फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेली. ओतीव असती तर मी आल्या पावली हॉटेलवर गेलो असतो. एकतीस वर्षं ओतकामात घालवलेला माणूस कास्टिंगला लटकत नसतो. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या मालाच्या पोटात काय काय निघतं हे त्याला ठाऊक असतं. कडीच्या पाठीवर बारीक आकडे कोरले होते. उभ्या ओढीला २२ किलोन्यूटन, आडव्या ओढीला ७. २२ म्हणजे साधारण २,२४० किलो, माझ्यासारखे सव्वीस. आडव्याला सातशे किलो, म्हणजे माझ्यासारखे आठ. आठ म्हणजेही पुष्कळ झाले, तरी कडी आडवी बसू द्यायची नाही हे तेव्हाच मनात पक्कं केलं. गाईड बघत होती. सुनेला म्हणाली, बाकीचे लोक रंग बघून कडी निवडतात.

गावाच्या वरच्या पठाराला सँड फ्लॅट्स म्हणतात. नावातच सँड. तिथं गाडी लावून चालायला लागलो. उघडा दगड लांबवर पसरलेला, लाटांसारखा वर-खाली होत गेलेला. त्याला ते लोक स्लिकरॉक म्हणतात, म्हणजे निसरडा दगड, आणि प्रत्यक्षात बूट त्याला असा धरतो की उभ्या उतारावरही पाय हलत नाही. नाव पडलं घोड्यांमुळं. लोखंडी नाल मारलेले घोडे त्यावरून घसरायचे. रबराच्या तळव्याला मात्र तो पॉलिश पेपर आहे. आपल्या सह्याद्रीतला काळा कातळ जुलैत पाय ठरू देत नाही. पन्हाळा ते पावनखिंड मी तीनदा चाललोय आणि तिन्ही वेळा आपटलोय. इथं एकोणसाठाव्या वर्षी बकरीसारखा चाललो.

वाटेत एका जागी गाईडनं सगळ्यांना थांबवलं. दगडांच्या मधे मातीचा तुकडा होता, त्यावर काळपट, खरबरीत पापुद्रा, करपलेल्या भाकरीसारखा. त्यावर पाय द्यायचा नाही म्हणाली, ती माती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल (हो, आपल्या मसाल्यातलं दगडफूल ज्या जातीचं, त्याच जातीतलं) यांनी मिळून वाळू बांधून ठेवलेली असते. सायनोबॅक्टेरियाचे चिकट धागे कणाकणाला वेटोळं घालतात, म्हणून वारा सुटला तरी ती उडत नाही. एक बूट पडला की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. मी सुनेला म्हटलं, हा तर बाइंडर. आम्ही वाळू धरून ठेवायला बेंटोनाइटची माती टाकायचो, यांनी शेवाळ टाकलंय.

आता वाळूचं सांगतो, राहवत नाही. कंटाळा आला तर सरळ खाली दोरीपाशी जावा.

तो सगळा डोंगरच वाळूचा आहे. नावाहो सँडस्टोन. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी तिथं सहारासारखं वाळूच्या टेकड्यांचं रान होतं. वाऱ्यानं टेकड्या पुढं सरकायच्या, एकीवर दुसरी चढायची. पुढं ते सगळं गाडलं गेलं, पाण्यातून आलेल्या चुन्यानं आणि सिलिकानं कण एकमेकांना धरले, आणि दगड झाला. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा, प्रत्येक कणाला पातळ लेप. मूळ वाळू आली कुठून, तर त्यातली बरीचशी पार अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या ॲपलेशियन डोंगरांतून, नद्यांनी वाहत. आम्ही फोंडा-कासार्ड्याची सिलिका घाट चढून आली की लांबून आली म्हणायचो.

कड्यांमध्ये तिरप्या रेघा दिसतात, पट्ट्यापट्ट्यांनी, एका पट्ट्यात उजवीकडं कललेल्या तर वरच्यात डावीकडं. लोक फोटो काढतात. गाईड सांगत होती, या त्या टेकड्यांच्या उतरत्या बाजू. मी सुनेला म्हटलं, तिला विचार, कुठलीही रेघ चौतीस अंशांच्या वर जात नाही ना? गाईडनं वळून माझ्याकडं बघितलं. बरोबर होतं. कोरडी वाळू शिरोलीत ओता नाहीतर युटात, ढिगाचा उतार तेहतीस-चौतीस अंशांवर गेला की ती घसरते, त्यावर उभी राहत नाही. आमच्या कन्व्हेयरच्या टोकाला तो कोन रोज बनायचा आणि रोज फावड्यानं मोडायचा. इथं तो मोडायला कुणी आलंच नाही.

घळीच्या तोंडाशी कोरडा ओढा होता, त्यात भुसभुशीत लाल वाळू. मी बसलो आणि मूठभर उचलली. सवयीचा हात. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी आम्ही मुठीनं बघायचो. वाळू मुठीत दाबायची आणि मूठ उघडायची. बोटांच्या रेघा तिच्यावर उमटल्या पाहिजेत. मग ते ढेकूळ दोन्ही हातांनी मधोमध मोडायचं. कड सरळ तुटली पाहिजे, चुरा होता कामा नये. तीन-साडेतीन टक्के ओल. कमी पडली तर साचा ढासळतो, जास्त झाली तर रस ओतल्यावर वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात. इथल्या वाळूनं मूठ उघडायचीही वाट बघितली नाही, बोटांच्या फटीतून निघून गेली. पण तळहातावर जे चार कण राहिले ते असे गोल, वाऱ्यानं घासून घासून असे एकसारखे झालेले, की मला आमच्या जुन्या सप्लायरची आठवण आली आणि रागही आला.

ओहायोच्या आजोबांनी विचारलं, हे काय करताय? सुनेनं त्यांना काय सांगितलं ते कळलं नाही, पण पुढं दिवसभर ते मला 'प्रोफेसर' म्हणत होते. आयटीआय झालेल्या माणसाला बरं वाटतं असं ऐकून.

या घळीचं नाव इफेड्राज ग्रोटो. दोन मोठे उतार. पहिला शंभर फुटांच्या आतबाहेर.

काठावर दगडात खाचा होत्या. बोटभर खोल, आतून गुळगुळीत, एकीशेजारी एक पाच-सहा. मला वाटलं पाण्यानं झाल्या. पाण्यानं नाही, दोऱ्यांनी. लोक उतरून गेले की खालून दोरी ओढून काढतात, ती काठावर घासते, आणि दगड म्हणजे शेवटी बांधलेली वाळूच. जुन्या विहिरीच्या काठाच्या दगडावर पोहऱ्याच्या दोरीच्या खाचा असतात, अगदी तशा. फक्त आपल्या विहिरीला त्यासाठी पिढ्या लागल्या. मी त्या खाचेत बोट घातलं आणि मग ज्या दोरीला मला बांधणार होते तिच्याकडं बघितलं. दगड हरला होता, दोरी नव्हती. त्यातल्या त्यात दिलासा.

गाईडनं सुनेला आधी खाली पाठवलं. ती सराईत आहे, अर्ध्या मिनिटात दिसेनाशी झाली. तिचं पुढचं काम खाली उभं राहून दोरी धरायचं. त्याला फायरमन बिले म्हणतात. वरच्यानं घाबरून दोन्ही हात सोडले तरी खालच्यानं दोरी ताणून धरली की तो जागच्या जागी थांबतो. म्हणजे माझा जीव आता सुनेच्या हातात. लग्नात मानपानावरून तिच्या वडिलांशी आमचं थोडं वाजलं होतं, ते नेमकं त्याच वेळी आठवलं.

सूचना सोप्या होत्या. कड्याकडं तोंड करून उभं राहायचं, पाय रुंद, उजवा हात कमरेपाशी दोरीवर, आणि खुर्चीत बसल्यासारखं मागं बसायचं. उजवा हात सोडायचा नाही. पण मागं खुर्ची नाही हे शरीराला ठाऊक असतं. मी बसलो नाही, वाकलो. वाकलं की पायाची पकड सुटते. सुटली. दोन्ही गुडघे दगडावर आपटले आणि मी पालीसारखा कड्याला चिकटून राहिलो. वरून गाईड शांतपणे काहीतरी सांगत होती. त्या क्षणी माझं टेस्ट सर्टिफिकेटपुरतं इंग्रजीही गेलं होतं.

खालून सून ओरडली, "बाबा! मी धरलंय! मिसळीच्या बाकड्यावर बसता ना, तसं बसा!"

आता मिसळीच्या गाड्यावरच्या बाकड्याला पाठ नसते. माणूस तिथं टेकायला बघत नाही, पाय फाकवून, बुड मागं ठेवून, ताटाकडं तोंड करून बसतो. मी तसा बसलो. पाय आपोआप दगडाला लागले. दोरीनं धरलं. समोर दगड म्हणजे ताट. मी हळूहळू दोरी सोडत खाली निघालो, आणि पन्नास फुटांनंतर आजूबाजूला बघण्याइतका शहाणाही झालो. कड्यावरून काळे ओघळ उतरले होते, मँगनीज आणि लोखंडाचे, कागदापेक्षा पातळ. आम्ही साच्याला ग्रॅफाइटचा लेप द्यायचो त्याची आठवण झाली.

खाली टेकलो आणि घाईघाईनं डिसेंडर, म्हणजे ज्यातून दोरी सरकते ती हार्नेसवरची कडी, काढायला गेलो तर चटका बसला. दोरी घासून तो तापतो. हातमोजे काढू नका असं गाईडनं बजावलं होतं, मी काढले होते. अंगठ्याला फोड आला. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही फौंड्रीत एकतीस वर्षं काढली ना?" पुण्याचे लोक असे वेळ साधून बोलतात.

खाली एक उंच दालन होतं. दोन्ही बाजूंना भिंती, वर आभाळाची पट्टी, जेमतेम धोतराच्या काठाएवढी. पुढं बसून घसरायचे दोन-तीन टप्पे आले. जाड जीन्स घाला असं पोरगा म्हणाला होता. मी महाद्वार रोडच्या टेलरनं शिवलेली टेरिकॉटची पँट घातली होती, कारण ती मला बसते. दुसऱ्या घसरणीवर दगडानं तिचा निकाल लावला. आवाज मोठा झाला. ओहायोच्या आजी शिष्टाचार म्हणून आभाळ बघायला लागल्या. सुनेनं काही न बोलता आपलं जाकीट काढून माझ्या हातात दिलं. ते कमरेला बांधून उरलेला दिवस काढला. पुण्याची आहे, पण चांगली आहे.

त्या दालनाच्या पुढं एका अरुंद जागी, डोक्याच्या वर दोन पुरुष उंचीवर, एक ओंडका दोन भिंतींमध्ये आडवा अडकला होता. आजोबा म्हणाले, झाड वरून पडलं असेल. मी म्हटलं, पाण्यानं आणलं. गाईड म्हणाली, बरोबर.

मग ती थांबून पुराबद्दल बोलली, दिवसभरात तेवढीच गंभीर झालेली. निघण्याआधी ती फक्त मोआबचं हवामान बघत नाही. ज्या ज्या उतारावरचं पाणी या घळीत येतं तिथलं सगळं बघते. वळीव कोसळला की उघड्या दगडात पाणी मुरायला वेळच मिळत नाही, सगळं धावत घळीत येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक गेले. पाऊस पडला होता तिथून कित्येक मैल वर. १४ सप्टेंबर २०१५ ला युटातल्याच झायन नॅशनल पार्कमध्ये कीहोल कॅन्यनमध्ये सात जण गेले. आजोबांना पटेना. इथं ऊन असताना पूर कसा येईल?

हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावात मधेच उघडीप व्हायची, पोरं पंचगंगेचं पाणी बघायला जमायची, आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी चढतच असायची. कारण पाऊस राधानगरीला आणि गगनबावड्याला चालू होता, आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती सगळ्या मिळून ते आमच्याकडं आणत होत्या. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ. त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. राधानगरी धरणाचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हा सकाळच्या चहाचा प्रश्न होता. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, कामावर जायला वाटच नाही. सुरू झाल्यावर बघितलं तर प्लँटमधल्या वाळूनं ओल धरून ढेकळं झालेली. पुढचा आठवडा नुसतं रिजेक्शन.

सुनेनं हे सगळं भाषांतर करून सांगितलं. गाईडनं नीट ऐकलं आणि विचारलं, "तुमच्याकडची घळ किती रुंद आहे?"

मी म्हटलं, "घळ नाही. शहर आहे."

जेवण एका सावलीत झालं. कंपनीची सँडविचं होती, मी जयसिंगपूरचं भडंग काढलं. गाईडनं दोन मुठी खाल्लं. आजोबांनी एक घास खाऊन अर्धी बाटली पाणी संपवलं, आणि तिथं पाणी मोजून प्यायचं असतं, माणशी दिवसाला चार लिटर धरून नेतात. जेवणानंतरची एक गोष्ट सभ्यपणे सांगायची तर अशी, की वाळवंटात काहीही मागं ठेवायचं नाही. काहीही म्हणजे काहीही. त्यासाठी गाईड सकाळीच प्रत्येकाला एक पिशवी देते. मी ती न वापरता परत केली, या दिवसातलं माझं सगळ्यात मोठं कर्तृत्व तेच असं मंडळींचं मत आहे.

दुसरा उतार सव्वाशे फुटांच्या आसपास, आणि त्याची गंमत म्हणजे खाली दगडी पूल. मॉर्निंग ग्लोरी. निसर्गानंच कोरलेला, २४३ फूट लांबीची कमान, आणि कड्यापासून इतकी जवळ की आपण दोघांच्या मधल्या फटीतूनच उतरतो. या वेळी बाकडं लक्षात होतं, बसलो नीट. पण थोड्या अंतरावर कडा आत वळतो आणि पाय हवेत जातात. बाकडंच काढून घेतल्यासारखं. मी दोरीवर हळूहळू गोल फिरायला लागलो. एकदा कडा, एकदा कमानीची पाठ, पुन्हा कडा. कमान इतकी जवळून बघितली की तिच्यातल्या तिरप्या रेघाही मोजता आल्या असत्या. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. सहा तासांत पहिल्यांदाच गार हवा लागली.

"बाबा, ठीक आहात ना?" खालून.

"थांबव," मी म्हटलं. "जरा धर."

तिनं दोरी ताणली. मी जागच्या जागी थांबलो, दोन्ही हात सोडले आणि चष्मा पुसला. धुळीनं काही दिसत नव्हतं. तिनं किती वेळ धरलं माहीत नाही. खाली आलो तेव्हा तिचे हात थरथरत होते, आणि ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी नाही हं, बाबा."

ते ठिबकणारं पाणी कड्याच्या बुडातून येत होतं, आणि त्याच्याभोवती हंसराज. पन्हाळ्याच्या तटाला पावसाळ्यात उगवतो तसाच, वाळवंटात. वरची वाळूदगडाची जाडी पडलेल्या पावसातलं थोडं थोडं पाणी पिते. ते कणांच्या फटींतून झिरपत खाली येतं, आणि जिथं न पाझरणारा थर लागतो तिथं आडवं बाहेर पडतं. आम्ही लॅबमध्ये दोन इंच व्यासाचा, दोन इंच उंचीचा वाळूचा ठोकळा ठोकून त्यातून दोन लिटर हवा सोडायचो आणि जायला किती वेळ लागतो ते मोजायचो. पर्मिॲबिलिटी टेस्ट. रिझल्ट दोन मिनिटांत. इथं तीच टेस्ट डोंगरावर लावलेली, पाण्यानं.

त्या हिरवाईत बसावं म्हणून पुढं झालो तर गाईडनं हाताला धरून मागं ओढलं. पॉयझन आयव्ही. तीन तीन पानांची साधी दिसणारी वेल, अंगाला लागली की फोड. आपला बिब्बा ज्या कुळातला त्याच कुळातली ही. बिब्बा उतलेला माणूस ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. अंगठ्याला एक फोड होता तेवढा पुरे म्हणून लांब उभा राहिलो.

तिथून ग्रँडस्टाफ कॅन्यनमधून दोन मैलांची सपाट वाट, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत, कोलोरॅडोच्या काठच्या रस्त्यापर्यंत. विल्यम ग्रँडस्टाफ नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस १८७० च्या दशकाच्या शेवटी इथं गुरं राखायचा. दरीचं जुनं नाव त्याला हिणवणारं होतं, ते २०१७ मध्ये बदललं. या वाटेवर फार काही घडलं नाही. माझे गुडघे बोलायला लागले होते आणि सून पुढं चालत आपल्या आईशी फोन लागतो का बघत होती. लागला तेव्हा पहिलं वाक्य ऐकू आलं, "अगं, आज मी सासऱ्यांना लटकवलं."

हॉटेलवर मंडळींनी आधी बाळ सुनेकडं दिलं, मग माझ्या कमरेच्या जाकिटाकडं बघितलं, मग पोराला म्हणाली, "तुझी पाठ बरी होती तेच बरं होतं."

ती पँट फरशी पुसायला घ्यायची म्हणून मंडळींनी कोल्हापुरात आल्यावर धुवायला काढली. उलटी झटकली तर खालच्या दुमडीतून चमचाभर लाल वाळू फरशीवर पडली. ती ओरडायच्या आत मी कागदावर गोळा करून पुडी बांधली.

गेल्या आठवड्यात जुन्या प्लँटवर गेलो होतो. माझ्या जागी आता जो आहे तो माझ्याच हाताखाली शिकलेला. चहा येईपर्यंत मी पुडी त्याच्या टेबलावर सोडली. काय, कुठली, काही सांगितलं नाही. त्यानं चिमूट घेतली, बोटांत चोळली, मग भिंगाखाली धरली.

"गोल हाय की," तो म्हणाला. "बाइंडर लई कमी खाईल. कुठली?"

"अमेरिकेची."

त्यानं पुडी बांधून परत माझ्याकडं सरकवली.

"भाडं परवडायचं न्हाई, साहेब."